एकदा लिहा, कुठंही चालवा

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला फरक मराठीच्या शिक्षकांना समजावून सांगायला नको. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. दर्या आणि दऱ्या ही जोडीही तशीच. काही वर्षांपूर्वी, २०१३ च्या उन्हाळी सुट्टीत, अशा पंधरा-वीस जोड्या गोळा करून आम्ही तिघाचौघांनी पाचवीच्या मुलांसाठी मोबाइलवरचा एक छोटा खेळ तयार केला. पडद्यावर शब्द येणार, खाली दोन चित्रं असणार, मुलानं योग्य चित्रावर बोट ठेवायचं. एवढंच. आमच्या एकाच्या फोनवर तो झकास चालत होता.

जून महिन्यात शाळेत गेलो आणि शिक्षकांचे, काही पालकांचे असे मिळतील ते नऊ फोन जमा करून त्यांत खेळ घातला. तीन फोनांवर शब्दांच्या जागी नुसते चौकोन आले. दोनांवर अक्षरं आली, पण 'किल्ला' या शब्दातली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसली आणि 'ल्ला'चा पाय मोडलेला दिसू लागला. एकावर सगळं ठीक होतं, फक्त 'ऱ्य' तेवढं 'ऱ्' आणि 'य' असं सुटं झालं होतं. एका फोनचा पडदा इतका लहान होता, की दुसरं चित्र पडद्याच्या बाहेरच राहिलं. म्हणजे नवांपैकी दोन फोनांवर खेळ आम्ही लिहिला तसा चालला. प्रोग्राम तर सगळीकडे तोच होता. मग असं का व्हावं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की आमची तक्रार काही नवी नाही. मोबाइलसाठी स्वतःच्या हिमतीवर प्रोग्राम लिहिणारी माणसं पाव शतकापासून तीच तक्रार करत आली आहेत. (त्यांना 'विकासक' म्हणावं असं कोश सांगतात. पण विकासक म्हटलं की आपल्याकडे बिल्डर डोळ्यांसमोर येतो, तेव्हा आम्ही साधं 'प्रोग्रामर' म्हणणार आहोत.) तक्रारीला दोन अंगं आहेत. एक यंत्राचं: माझा प्रोग्राम तुमच्या फोनवर चालेल का? दुसरं दाराचं: तो तुमच्या फोनपर्यंत मला पोचवू दिला जाईल का? ही दोन अंगं एकमेकांत कशी गुंतत गेली, ते पाहू.

एस्परांटो जाणणारा दुभाष्या

संगणकाच्या प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची भाषा वेगळी असते. एका यंत्रासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला कळत नाही. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा ही भाषा जाहीर केली, तेव्हा तिची घोषणाच होती: एकदा लिहा, कुठंही चालवा. यामागची युक्ती समजायला सोपी आहे. समजा, आपल्याला शंभर देशांत एकच पत्र पाठवायचं आहे. शंभर भाषांतरं करण्याऐवजी आपण पत्र एस्परांटोत लिहायचं आणि प्रत्येक देशात एस्परांटो जाणणारा एक दुभाष्या नेमायचा. जावाचा प्रोग्राम अशा एका मधल्या भाषेत उतरवला जातो. प्रत्येक यंत्रावर ती भाषा जाणणारं एक कल्पित यंत्र, म्हणजे दुसरा एक प्रोग्रामच, बसवलेलं असतं. ते वाचतं आणि मूळ यंत्राकडून काम करून घेतं.

१९९९ मध्ये सननं फोनसारख्या लहान उपकरणांसाठी जावाची छोटी आवृत्ती जाहीर केली. २००० साली तिचा मोबाइलसाठीचा किमान आराखडा ठरला. तो आज वाचताना गंमत वाटते. पडदा निदान ९६ × ५४ ठिपक्यांचा असावा. प्रोग्राम चालताना वापरायला ३२ किलोबाइट स्मृती असावी. माहिती कायमची साठवून ठेवायला ८ किलोबाइट असावी. आज आपण फोनवर काढलेल्या एका छायाचित्रात असे आठ किलोबाइट शेकड्यांनी मावतील. पण एवढ्याशा जागेत लोकांनी बुद्धिबळ बसवलं, शब्दकोश बसवले, मोटारींच्या शर्यती बसवल्या. मुंबईची इंडियागेम्स ही १९९९ साली सुरू झालेली कंपनी अशाच फोनांसाठी खेळ करून नावारूपाला आली.

मग घोषणा खरी ठरली का? नाही. आणि का नाही, ते पाहण्यासारखं आहे. दुभाष्याला भाषा येत होती, पण प्रत्येक गावचे रीतिरिवाज वेगळे होते.

एक उदाहरण घेऊ. त्या काळच्या फोनांना पडद्याच्या खाली डावीउजवीकडे दोन बटणं असत. 'मेनू', 'मागे' अशी कामं ती करत. बटण दाबलं की फोन प्रोग्रामला एक आकडा कळवतो. कोणत्या बटणाला कोणता आकडा द्यायचा, हे आराखड्यानं अंकांच्या बटणांपुरतं ठरवून दिलं होतं. या दोन बटणांचं मात्र ठरवलंच नव्हतं. नोकियानं त्यांना उणे ६ आणि उणे ७ हे आकडे दिले. मोटोरोलाच्या काही फोनांनी उणे २१ आणि उणे २२ दिले. सीमेन्सनं उणे १ आणि उणे ४ दिले. आता नोकियात उणे १ हा 'वर' जाणाऱ्या बाणाचा आकडा होता! म्हणजे नोकियावर लिहिलेला खेळ सीमेन्सवर घातला आणि मेनूचं बटण दाबलं, की मेनू उघडण्याऐवजी खेळातला माणूस उडी मारायचा.

पडद्यांचीही तीच कथा. कुणाचा १२८ × १२८ ठिपक्यांचा, कुणाचा १७६ × २०८, कुणाचा २४० × ३२०. नोकियाच्या मालिका ४० मधले सुरुवातीचे बरेच फोन ६४ किलोबाइटपेक्षा मोठा प्रोग्राम स्वीकारतच नसत. आवाज, ब्ल्यूटूथ, फोनमधल्या फायली वाचणं, फोन कुठं आहे ते ओळखणं, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी पुरवणी होती आणि कोणत्या पुरवण्या घ्यायच्या ते प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवत होती. शिवाय दुभाष्या लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या चुका होत्याच. परिणामी एका खेळाच्या शेकडो आवृत्त्या कराव्या लागत. हे काम करणाऱ्या वेगळ्या तुकड्या असत. एकट्यादुकट्या प्रोग्रामरला ते झेपणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे घरातले दोन फोन आणि मित्रांचे चार. सनच्या घोषणेत थोडा बदल करून प्रोग्रामर आपसात म्हणत, एकदा लिहा आणि सगळीकडे दुरुस्त करत बसा.

दारावरचे राखणदार

आता दुसरं अंग. त्या काळी प्रोग्राम विकायचा तर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या दारात जावं लागे. फोनवर जो पहिला मेनू उघडतो त्यात आपलं नाव यावं, यासाठी वाटाघाटी चालत. गिऱ्हाईकाच्या बिलातून पैसे कापले जात आणि त्यातला मोठा हिस्सा सेवा कंपनी ठेवून घेई. भारतातही हीच पद्धत होती. जपान हा ठळक अपवाद होता. तिथं एनटीटी डोकोमो या कंपनीनं १९९९ च्या फेब्रुवारीत आय-मोड ही सेवा सुरू केली आणि बिलवसुलीबद्दल फक्त ९ टक्के घेतले. शिवाय कंपनीच्या यादीत नसलेली पानंही लोकांना उघडता येत. आय-मोड जपानमध्ये झपाट्यानं पसरली, त्यामागे हा हिशेब होता असं आम्हाला वाटतं. इतर देशांतल्या कंपन्यांना तो हिशेब पटला नाही हे मात्र खरं.

प्रोग्राम थेट दिला तरी अडचण होतीच. फोनला अनोळखी प्रोग्रामवर विश्वास नसे, आणि ते योग्यच होतं. कारण तोवर फोनमधून पसरणारे उपद्रवी प्रोग्रामही निघू लागले होते. नंतरच्या पिढीच्या सिम्बियन फोनांत महत्त्वाच्या सोयी वापरण्यासाठी प्रोग्रामवर प्रमाणित सही लागे. ती मिळवायची तर आधी ओळख पटवणारं प्रमाणपत्र वर्षाला सुमारे २०० डॉलर देऊन विकत घ्यायचं आणि मग तपासणीचा खर्च वेगळा. जावाच्या सही नसलेल्या प्रोग्रामला फोन पुन्हा पुन्हा विचारत राही: याला इंटरनेट वापरू देऊ का? याला फाइल वाचू देऊ का? दहा वेळा 'हो' म्हणून कंटाळलेला माणूस अकराव्यांदा प्रोग्रामच काढून टाकी. सुरक्षिततेची गरज खरी होती. पण तिचा खर्च मोठ्या कंपनीला किरकोळ होता, एकट्या माणसाला भारी होता. ही गोष्ट पुढंही पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

एकच दुकान, एकच दर

ॲपलनं आयफोन विकायला सुरुवात केली ती २९ जून २००७ रोजी. तेव्हा बाहेरच्या कुणालाही त्यावर प्रोग्राम बसवता येत नव्हता. वेबपानं करा, असं स्टीव्ह जॉब्ज सांगत होते. प्रोग्रामरांनी बरीच ओरड केली. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं धोरण बदललं आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्स घेऊन ॲप स्टोअर उघडलं. अटी अशा: वर्षाला ९९ डॉलर भरा, विक्रीचे ७० टक्के तुमचे, ३० आमचे, फुकट ॲपला काही नाही.

आज या ३० टक्क्यांवर न्यायालयांत भांडणं होतात. पण २००८ साली एकट्या प्रोग्रामरला ती सुटका वाटली, हे विसरून चालणार नाही. सेवा कंपनीच्या पायऱ्या झिजवणं नाही, शेकडो आवृत्त्या नाहीत, पडदा एकच, बटणांचे आकडे एकच. सन कंपनीतच नोकरी करणाऱ्या एका अभियंत्यानं घरी तान्हं बाळ सांभाळत 'आयशूट' नावाचा रणगाड्यांचा खेळ लिहिला. २००९ च्या सुरुवातीला एका दिवसाची कमाई ३७,००० डॉलरवर गेली, तेव्हा त्यानं नोकरी सोडली. कुठंही चालणाऱ्या जावाच्या माहेरघरातल्या माणसाचं नशीब एकाच फोनवर चालणाऱ्या खेळानं उघडावं, ही गंमतच.

दुकान एकच असलं की राखणदारही एकच. प्रत्येक ॲप ॲपलचा माणूस तपासत होता, पण कोणत्या नियमांनी, हे प्रोग्रामरांना पुरतं कळत नव्हतं. तपासणीचे सविस्तर नियम पहिली दोन वर्षं प्रसिद्धच झाले नव्हते! परीक्षा घ्यायची पण अभ्यासक्रम सांगायचा नाही, असा हा प्रकार. सप्टेंबर २००८ मध्ये 'पॉडकास्टर' हे ॲप नाकारलं गेलं, कारण ते ॲपलच्या स्वतःच्या आयट्यून्सचं काम करत होतं. डिसेंबर २००९ मध्ये मार्क फिओरे या व्यंगचित्रकाराचं ॲप नाकारलं गेलं, कारण त्यात सार्वजनिक व्यक्तींची टिंगल होती. (व्यंगचित्रात दुसरं काय असणार?) पुढच्या एप्रिलमध्ये फिओरेना पुलित्झर पारितोषिक मिळालं, बोभाटा झाला आणि ते ॲप आत गेलं. पुलित्झर न मिळालेल्यांचं काय झालं, याची नोंद कुठं नाही.

स्क्रॅचचं मांजर

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी हकिगत मात्र स्क्रॅचची आहे. एमआयटीच्या मिडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या गटानं मुलांसाठी घडवलेली ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरच्या मांजराला चालवायचं, बोलवायचं, नाचवायचं. मुलं आपले प्रकल्प स्क्रॅचच्या संकेतस्थळावर ठेवतात, दुसऱ्यांचे उघडून पाहतात, त्यात बदल करतात. आपण केलेलं दुसऱ्यानं उघडून पाहावं, हा त्या सगळ्या कल्पनेचा गाभा आहे.

कॅनडातल्या एका स्वतंत्र प्रोग्रामरनं हे प्रकल्प आयफोनवर चालवून दाखवणारं ॲप केलं. २०१० च्या एप्रिलमध्ये ॲपलनं ते दुकानातून काढून टाकलं.

का काढलं? त्यासाठी पुन्हा दुभाष्याकडे वळायला हवं. स्क्रॅचचा प्रकल्प म्हणजे मुलानं लिहिलेला प्रोग्रामच. ते ॲप नेटवरून हा प्रोग्राम आणतं आणि दुभाष्या बनून तो चालवतं. ॲपलच्या करारातलं एक कलम सांगत होतं, की ॲपनं असा बाहेरचा प्रोग्राम आणून चालवायचा नाही. या कलमामागचा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. आपण वही तपासून सही केली आणि नंतर मुलानं त्यात नवी पानं चिकटवली, तर त्या सहीला काय अर्थ? तपासणीनंतर ॲपमध्ये काहीही शिरणार असेल तर तपासणी फोल ठरते. पण त्या कलमाचा दुसराही उपयोग होता. बाहेरून प्रोग्राम आणता आले तर दुकानाच्या आत दुसरं दुकान उघडलं असतं आणि ३० टक्के बुडाले असते. कोणतं कारण किती वजनाचं, हे ॲपललाच ठाऊक. त्याच महिन्यात, ८ एप्रिलला, कंपनीनं आणखी एक अट घातली होती: ॲप मुळातच ठरावीक चार भाषांपैकी एकीत लिहिलेलं असलं पाहिजे. तो वार मुख्यतः अडोबी कंपनीच्या फ्लॅशवर होता. फ्लॅशमध्ये लिहून आयफोनसाठी रूपांतर करण्याची सोय अडोबी त्याच सुमारास आणत होती. दोन हत्तींच्या झुंजीत मुलांचं मांजर सापडलं.

या कथेतला खरा विरोधाभास पुढं आहे. स्क्रॅच लिहिलं गेलं होतं स्क्वीक नावाच्या भाषेत. स्क्वीकची सुरुवात झाली १९९६ साली, ॲलन के आणि डॅन इंगॉल्स यांच्या गटात, आणि हा गट तेव्हा काम करत होता ॲपल कंपनीतच! याच ॲलन के यांनी १९७२ साली एका निबंधात मुलांनी हातात घेऊन फिरावं अशा पाटीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली होती. त्या पाटीवर मुलं नुसती वाचणार नव्हती, स्वतः प्रोग्राम लिहिणार होती. अडतीस वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, तशी पाटी आयपॅडच्या रूपानं बाजारात आली. आणि त्याच महिन्यात, मुलांनी लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालवता येणार नाहीत, असं ठरलं.

स्क्रॅचच्या चमूनं निराशा व्यक्त केली. सप्टेंबर २०१० मध्ये ॲपलनं भाषेची अट मागं घेतली आणि तपासणीचे नियम अखेर प्रसिद्ध केले. पण बाहेरून प्रोग्राम आणण्याची बंदी तशीच राहिली. शिकवण्यासाठीच्या ॲप्सना तीतून थोडी सूट मिळाली ती २०१७ साली: प्रोग्राम आणता येईल, पण तो मुलाला पूर्ण वाचता आणि बदलता आला पाहिजे. ही अट वाचून आम्हाला हसू आलं. स्क्रॅचचं पहिल्या दिवसापासून म्हणणं तेच तर होतं. सात वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल आठवीत जाण्याइतका काळ.

मधल्या काळात स्क्रॅचवाल्यांचीही एक चाल चुकली. २०१३ साली त्यांनी दुसरी आवृत्ती आणली ती फ्लॅशवर आधारलेली, म्हणजे आयफोन-आयपॅडवर मुळीच न चालणारी. लहान मुलांसाठीचं स्क्रॅच ज्युनिअर २०१४ मध्ये आयपॅडवर आणि २०१५ मध्ये ॲन्ड्रॉइडवर आलं. जानेवारी २०१९ मधली तिसरी आवृत्ती फ्लॅश सोडून थेट ब्राउझरमध्ये चालू लागली, तेव्हा कुठं मांजर टॅबवर नाचलं. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंदच पडलं.

चोवीस हजार तऱ्हा

तऱ्हा. पाहा, इथंही तोच 'ऱ्ह'. ॲन्ड्रॉइडचं दुकान ऑक्टोबर २००८ मध्ये उघडलं. एकदाच २५ डॉलर भरायचे, तपासणी नावापुरती. शिवाय दुकानाबाहेरूनही ॲप बसवता येतं. दाराचा प्रश्न हलका झाला, आणि यंत्राचा प्रश्न दुप्पट जोमानं परत आला. ॲन्ड्रॉइड कोणतीही कंपनी वापरू शकते, त्यात बदल करू शकते. ओपनसिग्नल या कंपनीनं आपलं ॲप ज्या फोनांवर बसलं त्यांची मोजदाद केली. २०१२ साली त्यात ३,९९७ प्रकारचे फोन निघाले. २०१३ मध्ये ११,८६८. २०१५ मध्ये २४,०९३. हाँगकाँगची ॲनिमोका ही खेळ करणारी कंपनी २०१२ साली सुमारे ४०० फोनांवर प्रत्येक खेळ चालवून पाहत होती. टेबलांवर मांडलेल्या त्या फोनांचं छायाचित्र तेव्हा खूप गाजलं.

पडद्यांच्या फरकावर ॲन्ड्रॉइडनं काढलेला तोडगा वर्गात त्रैराशिक म्हणून घेण्यासारखा आहे. एका पडद्यावर इंचाला १६० ठिपके आहेत, दुसऱ्यावर ३२०. १६० ठिपके लांबीचं बटण पहिल्यावर एक इंचाचं दिसेल, दुसऱ्यावर अर्ध्या इंचाचं. बोट मात्र तेवढंच आहे. म्हणून प्रोग्रामरनं ठिपक्यांत मोजायचंच नाही. इंचाला १६० ठिपके असलेला एक कल्पित पडदा धरायचा, त्यावरचं माप सांगायचं. मग फोन स्वतः आपल्या घनतेनं गुणतो आणि १६० नं भागतो. ४८ चं बटण ३२० घनतेच्या पडद्यावर किती ठिपक्यांचं होईल? मुलं चटकन ९६ सांगतील. आमच्या खेळात दुसरं चित्र पडद्याबाहेर गेलं, कारण आम्ही सरळ ठिपक्यांत माप दिलं होतं. म्हणजे ती चूक आमचीच होती.

देवनागरीची मात्र नव्हती. आपण 'कि' लिहितो तेव्हा संगणकात आधी 'क' साठवला जातो आणि मग वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. दाखवताना वेलांटी डावीकडे न्यावी लागते. जोडाक्षर असेल तर दोन अक्षरांऐवजी तिसराच आकार काढावा लागतो. हे काम अक्षरसंच एकटा करू शकत नाही. त्यासाठी अक्षरांची मांडणी जुळवणारा वेगळा प्रोग्राम लागतो. ॲन्ड्रॉइडच्या २.३ पर्यंतच्या मूळ आवृत्त्यांत देवनागरी अक्षरसंचच नव्हता, म्हणून चौकोन. काही कंपन्यांनी आपापल्या फोनांत अक्षरसंच घातला, पण मांडणी करणारा भाग घातला नाही, म्हणून वेलांटी चुकीच्या बाजूला. ४.० पासून, म्हणजे २०११ च्या अखेरीपासून, हा भाग हळूहळू येत गेला. पण भारतात विकले जाणारे स्वस्त फोन पुढंही काही वर्षं जुन्याच आवृत्तीवर होते.

मराठी, हिंदी ॲप करणाऱ्यांनी मग नाना युक्त्या केल्या. कुणी प्रत्येक शब्दाचं चित्रच काढून ठेवलं. कुणी जुन्या पद्धतीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले अक्षरसंच वापरले. ते दिसायचं छान, पण त्यात शब्द शोधता येत नसे. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक लपलेली कळ होती, ती चालू केली की मजकुराचं चित्र दूरच्या संगणकावरच तयार होऊन फोनवर येई. आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पहिल्यांदा मराठी वाचलं ते असं. 'ऱ्य'चं दुखणं सर्वांत शेवटी बरं झालं. हिंदीला त्या अक्षराची गरज नाही आणि तपासणारे हिंदी शब्द घेऊन तपासत असावेत, असा आमचा तर्क आहे.

न झिजणाऱ्या वस्तूचं म्हातारपण

प्रोग्राम झिजत नाही, गंजत नाही. तरी तो मरतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या प्रणालीनं ३२-बिटी ॲप्स चालवणं थांबवलं. ज्या हौशी माणसानं २००९ साली एक खेळ करून सोडून दिला होता, त्याचा खेळ त्या दिवशी संपला. गूगलच्या दुकानात २०१८ पासून नव्या ॲपनं अलीकडच्याच प्रणालीसाठी असणं सक्तीचं झालं आणि ती मर्यादा दरवर्षी पुढं सरकते. यामागंही सुरक्षिततेचं खरं कारण आहे: जुनी ॲप्स जुन्या सवलती वापरून फोनमधली माहिती हवी तशी वाचत. पण वर्षानुवर्षं काही न बदलता उत्तम चालणारं पाढ्यांचं ॲपही याच चरकातून जातं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलनं आणखी एक अट घातली. ॲप प्रसिद्ध करण्याआधी २० माणसांनी सलग १४ दिवस ते तपासलेलं हवं. कंपन्यांच्या खात्यांना ही अट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वीसाचे बारा झाले. आपल्या राज्यात जे शिक्षक स्वतः ॲप करतात त्यांनी ही बारा माणसं कशी जमवली, ते त्यांनाच विचारावं. बहुतेक वेळा ती शिक्षकखोलीतच सापडतात.

पैशांच्या भांडणाबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये दोन्ही दुकानांनी लहान प्रोग्रामरांचा दर ३० वरून १५ टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं दुकानातल्या वसुलीच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. २०२५ मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. युरोपात मार्च २०२४ पासून नव्या कायद्यानं ॲपलला दुसऱ्या दुकानांनाही वाट द्यावी लागली. ही भांडणं मोठ्यांची आहेत. एकट्या माणसाला टक्क्यांपेक्षा जाच होतो तो पत्राचा: तुमचं ॲप नाकारलं आहे, अमुक कलम पाहा. कलम पाहिलं तर त्यात सहा पोटकलमं असतात. आपलं कोणतं चुकलं ते विचारायला माणूस भेटत नाही.

आमच्या खेळाचं पुढं काय झालं, तेही सांगतो. आम्ही मापं सुधारली, अक्षरसंच ॲपमध्येच घातला आणि तो एका दुकानात ठेवला. चार वर्षं तो तिथं होता, गावोगावच्या काही शाळांत वापरलाही गेला. मग प्रणालीची मर्यादा पुढं सरकली, आम्ही सुट्टीत बदल करू म्हणेपर्यंत मुदत टळली आणि नवे फोन घेणाऱ्यांना तो दिसेनासा झाला. शेवटी आम्ही तो साध्या वेबपानावर उतरवला. तो आता ब्राउझर असलेल्या जवळजवळ सगळ्या फोनांवर उघडतो. शाळेच्या कपाटात एक जुना टॅब आहे, त्यावर मात्र अजूनही 'ऱ्' आणि 'य' वेगवेगळे दिसतात. पाचवीची मुलं त्याला आचाऱ्यांचा टॅब म्हणतात.